कांदेवाल्याचा डॉलर

आमच्या घरात कर्जं दोन. एक माझं, नाशिकच्या फ्लॅटचं. दुसरं दादाचं, निफाड तालुक्यातल्या आमच्या गावच्या सोसायटीचं पीककर्ज. बाप एक, परवापरवापर्यंत सातबाराही एकच होता. पण मुंबईत रिझर्व्ह बँकेने महागाई रोखायचं ठरवलं की तो निर्णय माझ्या घरी एका वाटेने येतो आणि दादाच्या घरी अगदी वेगळ्या वाटेने. माझ्या वाटेबद्दल वर्तमानपत्रांच्या अर्थपानांवर पुष्कळ लिहून येतं. दादाच्या वाटेबद्दल तिथे फारसं कुणी लिहीत नाही, म्हणून मी लिहितोय.

माझी वाट सोपी आहे. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना नवी बदलत्या व्याजाची गृहकर्जं रेपो दरासारख्या, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने उसने पैसे देते तशा, बाहेरच्या दराला जोडावी लागली. त्यामुळे मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या नऊ महिन्यांत रेपो ४ टक्क्यांवरून साडेसहावर गेला, तेव्हा माझ्या कर्जाची मुदत बँकेने निमूटपणे वाढवून दिली. जीव चरफडला, पण हिशेब कळत होता. भाव चढताहेत, म्हणून पैसा महाग करायचा. पैसा महाग झाला की लोक कर्ज कमी काढतील, खर्चाला आवर बसेल, भाव उतरतील. या देशाच्या महागाईतला माझा वाटा मी माझ्या हप्त्यातून भरला.

दादाच्या कर्जाला यातलं काहीच लागलं नाही. तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जाला ७ टक्के व्याज, वेळेत फेडलं तर केंद्राची ३ टक्के सूट, म्हणजे उरले ४. राज्य सरकारच्या पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेने तेही उतरतं. रेपो सहा असो की आठ, दादाच्या पासबुकात फरक पडत नाही. हे एवढंच पाहणारा म्हणेल, शेतकऱ्याला सरकारने महागाईविरोधी लढाईच्या बाहेरच ठेवलंय.

त्याला लढाईत कुठून ओढतात, ते कळायला कांदा साठवायच्या चाळीत जावं लागतं.

आमच्याकडे वर्षात कांदा तीनदा येतो. खरिपाचा लाल, मागाहून येणारा रांगडा आणि रब्बीचा उन्हाळ. लाल कांद्यात पाणी जास्त, तो टिकत नाही. काढला की विकायचाच. उन्हाळचं तसं नाही. डिसेंबर-जानेवारीत लागण, मार्च-एप्रिलमध्ये काढणी, पात वाळवून, प्रतवारी करून, मग चाळ. देशाच्या कांद्यातला जवळजवळ दोन तृतीयांश हा रब्बीचा, आणि पावसाळाभर सगळा भारत तोच खातो. काढणीच्या वेळी बाजारात एकदम आवक होते, भाव बसतो. म्हणून ज्याला थांबता येतं तो थांबतो. थांबणं फुकट नसतं. चाळीत कांद्याचं वजन घटतं, काही सडतो, काहींना कोंब येतात. चार-सहा महिन्यांत तिसरा हिस्सा गेला तरी कुणी नवल करत नाही. पावसाळी दमट दिवसांत वहिनी रोज चाळीजवळ जाऊन वास घेते. सडका कांदा लपत नाही, आणि एक सडला की शेजारच्यांना घेऊन जातो. तेव्हा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मिळणारा चढा भाव हा नफा नसतो. त्यात एप्रिलपासूनच्या घटीची भरपाई असते, थांबण्याची किंमत असते, आणि मागच्या वर्षी मातीमोल गेलेल्या ट्रॉल्यांची उधारीही असते.

शहरात कांदा महाग वाटू लागतो तो नेमका याच दिवसांत.

२०२३ च्या जुलैत किरकोळ महागाई ७.४४ टक्क्यांवर गेली. कारण होतं टोमॅटो. कांदा तेव्हा जेमतेम हलला होता. पण टोमॅटोवर सरकारला फारसं काही करता येत नाही, तो आठवड्यात खराब होतो. कांद्यावर करता येतं. १९ ऑगस्ट २०२३ ला कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसलं. लासलगावला आणि जिल्ह्यातल्या इतर बाजार समित्यांत लिलाव बंद पडले. तीन दिवसांनी केंद्राने २,४१० रुपये क्विंटलने दोन लाख टन जादा खरेदी जाहीर केली. ऑक्टोबरच्या अखेरीस टनाला ८०० डॉलर हे किमान निर्यातमूल्य आलं, म्हणजे त्याहून कमी भावाने कांदा बाहेर पाठवायचाच नाही. आणि ७ डिसेंबरच्या रात्री पूर्ण निर्यातबंदी.

त्या डिसेंबरचं मला विशेष वाईट वाटतं. २६ नोव्हेंबरला आमच्या भागात अवकाळी पाऊस आणि गारपीट झाली होती. द्राक्षं गेली, लाल कांदा झोडपला. जो वाचला त्याला चार हजारांच्या आसपास भाव होता, म्हणून माणसं सावरत होती. बंदी आली तेव्हा शेतात होता तो लाल कांदा, जो साठवताच येत नाही. उन्हाळ असता तर दादा चाळीत टाकून म्हणाला असता, बघू पुढे. लाल कांद्याला पुढे नसतं. पंधरवड्यात भाव निम्म्याच्या खाली आले. चांदवडला मुंबई-आग्रा महामार्गावर रास्ता रोको झाला. मी नाशिकहून फोन केला तर दादा एवढंच म्हणाला, “तू कशाला जीव टांगणीला लावतो? ट्रॉली भरलेली आहे, उद्या न्यायची. घरी ठेवून काय लोणचं घालू?”

मी बँकेत नोकरी केली आहे. सुरुवातीची बरीच वर्षं परकीय चलनाच्या टेबलावर गेली, निर्यातदारांची बिलं वटवण्यात. त्यामुळे त्या ४० टक्के शुल्काकडे मी कराऐवजी विनिमय दर म्हणून पाहिलं, आणि तेव्हापासून दुसऱ्या कुठल्याही नजरेने पाहता येत नाही. डॉलर तेव्हा ८३ रुपयांच्या घरात होता. दुबईच्या किंवा क्वालालंपूरच्या खरेदीदाराने कांद्यासाठी १ डॉलर ४० सेंट मोजले तर त्यातले ४० सेंट शुल्कात जाणार, निर्यातदाराला उरणार एक डॉलर. म्हणजे खरेदीदाराच्या प्रत्येक डॉलरमागे इकडे पोचतात ५९ रुपये. सॉफ्टवेअर विकणाऱ्याचा डॉलर ८३ चा, औषधं पाठवणाऱ्याचा ८३ चा, हिरे घडवणाऱ्याचा ८३ चा, आणि कांदेवाल्याचा ५९ चा. पुन्हा तोच कांदेवाला जे खत टाकतो त्यातलं पोटॅश परदेशातून ८३ च्याच भावाने येतं. सरकार खतावर अनुदान देतं हे खरं. पण एका हाताने दिलेलं आणि दुसऱ्या हाताने घेतलेलं यांचा ताळेबंद एका कागदावर कधी मांडला जात नाही.

तीस-पस्तीस वर्षांपूर्वी आपण नेमकं हेच मोडून काढलं होतं. १९९१ च्या जूनमध्ये देशाच्या गंगाजळीत काही आठवड्यांच्या आयातीपुरतेच डॉलर उरले. आखाती युद्धाने तेल महागलं होतं, परदेशी भारतीयांच्या ठेवी निघून चालल्या होत्या. मे महिन्यात स्टेट बँकेमार्फत २० टन सोनं स्वित्झर्लंडला गेलं, जुलैत रिझर्व्ह बँकेने सुमारे ४७ टन सोनं तारण ठेवलं. बहुतेकांच्या लक्षात सोनंच राहिलं. माझ्या धंद्याच्या माणसाला आठवतात त्या १ जुलै आणि ३ जुलै या तारखा. दोन टप्प्यांत रुपयाचं अवमूल्यन झालं, डॉलर २१ रुपयांवरून २६ च्या जवळ गेला. तोवर रुपया कागदावर मुद्दाम जड ठेवलेला होता. रुपया जड असला की यंत्रं आणि कच्चा माल मागवणाऱ्याला स्वस्त पडतं आणि माल बाहेर पाठवणाऱ्याला कमी मिळतं. देशात कारखाने उभे राहावेत म्हणून हे केलेलं होतं, आणि त्याची वर्गणी शेतीकडूनही जात होती.

पुढे मार्च १९९२ मध्ये दुहेरी दराची व्यवस्था आली. निर्यातदाराने आणलेल्या डॉलरपैकी ४० टक्के सरकारी, म्हणजे कमी दराने द्यायचे, ६० टक्के बाजारभावाने. वर्षभरात लक्षात आलं की हा निर्यातदारावरचा न बोललेला कर आहे. मार्च १९९३ मध्ये दोन्ही दर एक झाले. तेव्हा आमच्या टेबलावरच्या कागदांचा ढीग निम्मा झाला आणि आम्ही सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. एका देशाला एक विनिमय दर, ही त्या सुधारणांतली मला सर्वांत न्याय्य वाटणारी गोष्ट. बँकेच्या काउंटरवर आलेला डॉलर कुणी आणला हे विचारायचं कारण उरलं नाही. कांद्यापुरतं ते कारण पुन्हा पुन्हा उकरून काढलं जातं, त्याचा मला मनापासून राग येतो.

हे मी नव्याने सांगतोय असं नाही. स्वित्झर्लंडमधल्या बर्नला आंतरराष्ट्रीय टपाल संघटनेतली नोकरी सोडून शरद जोशी चाकणजवळ आंबेठाणला शेती करायला आले, तेव्हा त्यांना पहिली लढाई लढावी लागली ती कांद्याचीच. नोव्हेंबर १९८० मध्ये ऊस-कांद्याचं आंदोलन आमच्या जिल्ह्यात पेटलं, रस्ते आणि रेल्वे अडल्या, खेरवाडीला गोळीबार झाला, त्यात शेतकऱ्यांचे जीव गेले. आमच्या भागात अजूनही वयस्क माणसं त्या दिवसांबद्दल बोलताना आवाज खाली आणतात. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ही घोषणा भिंतींवर होती, पण त्यामागचा हिशेब घोषणेपेक्षाही मोठा होता: सरकार शेतीला अनुदान देत नाही, उलट जागतिक भावापेक्षा कमी भाव घ्यायला लावून शेतीकडूनच अनुदान घेतं. उणे सबसिडी. कित्येकांना तेव्हा हे आंदोलकाचं अतिशयोक्त बोलणं वाटलं. पुढे जागतिक व्यापाराच्या गॅट कराराच्या वाटाघाटींत भारत सरकारने स्वतःच जी आकडेवारी मांडली, तीत १९८६ ते १९८८ या आधारवर्षांत शेतमालाला मिळणारा आधार उणेच निघाला. २०१८ मध्ये प्रगत देशांच्या ओईसीडी या संघटनेने दिल्लीच्या इक्रिअर संस्थेबरोबर केलेल्या अभ्यासात पुन्हा तेच: २००० ते २०१७ या काळात भारतीय शेतकऱ्याला धोरणांचा एकूण आधार सरासरी उणे १४ टक्के. सगळी अनुदानं धरूनही उणे.

आता पुन्हा पतधोरणाकडे येतो, कारण गाठ तिथे आहे.

२०१४ च्या जानेवारीत ऊर्जित पटेल समितीने शिफारस केली की रिझर्व्ह बँकेने ग्राहक किंमत निर्देशांकाला धरून चालावं. २०१६ मध्ये कायदा बदलला, सहा जणांची पतधोरण समिती आली, आणि तिच्यापुढे एक आकडा ठेवला गेला: महागाई ४ टक्के, खाली-वर दोन टक्क्यांची मुभा. तीन तिमाह्या सलग लक्ष्य हुकलं तर रिझर्व्ह बँकेने सरकारला लेखी कारणं द्यायची. २०२२ मध्ये अशी वेळ आलीही. एका व्यक्तीच्या मर्जीवर चालणाऱ्या व्याजदरापेक्षा हे फार चांगलं झालं. सरकारने हवं तेव्हा रिझर्व्ह बँकेकडून हुंड्यांवर नवा पैसा काढायचा, ही पद्धत १९९७ ला बंद झाली होती. त्यानंतरची ही सर्वांत मोलाची सुधारणा आहे, असं मी मानतो.

पण जो निर्देशांक निवडला त्याच्या २०१२ च्या मालिकेत खाद्यपदार्थांचं वजन ४५.८६ टक्के होतं. त्यात कांदा फक्त ०.६४ टक्का, टोमॅटो आणि बटाटा मिळवले तरी तिघांचं वजन सव्वादोन टक्क्यांच्या आत. एवढासा हिस्सा, पण तिघांचे भाव महिन्यात दुप्पट किंवा निम्मे होतात, आणि आकडा हलवतात तेच. शिवाय बाई-माणसांना महागाई कळते ती भाजीच्या पिशवीतून; पुढे भाव किती वाढतील याचा लोकांचा अंदाज त्यावरूनच ठरतो. रेपो कितीही वाढवला तरी कांदा ना जास्त पिकतो ना लोक कमी खातात. पतधोरण समितीच्या हातात कांद्यावर चालणारं हत्यारच नाही. ते दिल्लीत आहे, वाणिज्य आणि ग्राहक व्यवहार मंत्रालयांत, आणि त्याचं नाव निर्यातबंदी. पतधोरणाच्या निवेदनांत मग सरकारने पुरवठ्याच्या बाजूने केलेल्या उपायांचा समाधानाने उल्लेख येतो. वाचणाऱ्याला वाटतं, गोदामं बांधली असतील, वाहतूक सुधारली असेल. त्यातला एक उपाय म्हणजे दादाच्या ट्रॉलीचा भाव.

म्हणून मी म्हणतो की व्याजदराचा माझ्यावरचा भार आणि निर्यातबंदीचा दादावरचा भार या एकाच लढाईच्या दोन वर्गण्या आहेत. माझी उघड आहे. बँक पत्र पाठवते, किती टक्के ते सांगते, आणि दर उतरले की परतही देते. फेब्रुवारी ते डिसेंबर २०२५ मध्ये रेपो साडेसहावरून सव्वापाचवर आला, तेव्हा माझी मुदत आपोआप घटली. दादाची वर्गणी कुठल्याच कागदावर नाही, आणि त्याला परत काहीच येत नाही. पीककर्जावरच्या सवलतीचा गाजावाजा होतो, तर तिचाही हिशेब करून पाहावा. तीन लाखांवर ३ टक्के म्हणजे वर्षाला नऊ हजार रुपये. शंभर क्विंटल कांद्याचा भाव क्विंटलमागे हजाराने पडला तर एक लाख. एका अधिसूचनेने दहा वर्षांची व्याज-सवलत एका हंगामात वसूल होते.

बँका याला उत्तर देतील अशी आशा आपल्याकडे फार जुनी आहे. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चाललं होतं, तेव्हा मँचेस्टरच्या गिरण्यांना आपल्याकडचा कापूस लागला, भाव चढले, सावकारांनी दख्खनमधल्या कुणब्याला हात सैल सोडून कर्ज दिलं. युद्ध संपलं, कापूस कोसळला, कर्ज राहिलं, आणि जमिनीचा शेतसारा वाढलेला राहिला. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला लोकांनी सावकारांची घरं-दुकानं गाठून कर्जखतं जाळली. परदेशातल्या बाजाराचा धक्का गावातल्या कर्जवहीतून माणसापर्यंत कसा येतो, याचं इतकं स्वच्छ उदाहरण आपल्या मातीत दुसरं नाही. त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी सवलत कायदा आला, १९०४ मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा आला. तरी १९५१-५२ च्या ग्रामीण पतपाहणीत सहकाराचा वाटा निघाला ३.१ टक्के, बाकी बहुतेक सावकारच. धनंजयराव गाडगीळ त्या समितीत होते. अग्रणी बँकेची, म्हणजे एकेका जिल्ह्याच्या कर्जपुरवठ्याची जबाबदारी एकेका बँकेवर टाकायची, कल्पनाही पुढे त्यांच्याच अभ्यासगटाने मांडली. मग राष्ट्रीयीकरण, किसान क्रेडिट कार्ड. सावकार हटला नाही, पण त्याची सत्ता मोडली, हे काम लहान नाही. आमच्या आजोबांच्या पिढीने ते डोळ्यांनी पाहिलं.

पण या सगळ्या सुधारणांनी कर्ज स्वस्त केलं, भावाची जोखीम जिथल्या तिथे ठेवली. २०१७ ला कर्जमाफी, २०१९ च्या डिसेंबरला पुन्हा कर्जमाफी. माफी आली की नियमित फेडणारा स्वतःला मूर्ख समजतो आणि जिल्हा बँकेची वसुली बसते. नोव्हेंबर २०१६ मध्ये जुन्या नोटा स्वीकारायची जिल्हा बँकांना मनाई झाली, तेव्हा ऐन रब्बीच्या तोंडावर गावांतला पैसा अडकला. राज्यातल्या कितीतरी जिल्हा बँका त्यानंतर धड उभ्या राहू शकल्या नाहीत. सोयाबीन, तूर, हळद गोदामात ठेवून तारणकर्ज मिळतं, भाव येईपर्यंत शेतकरी तग धरतो. चाळीतल्या कांद्यावर कर्ज द्यायला बँक सहसा तयार नसते, आणि एक बँकवाला म्हणून मला तिची अडचण कळते. माल सडतो हे एक. पण सडण्याचा अंदाज तरी करता येतो, त्याची टक्केवारी धरून कर्ज देता येईल. रात्री निघणाऱ्या अधिसूचनेचा अंदाज कुठला शाखाधिकारी धरणार?

शहरातल्या माणसाची बाजू मला कळत नाही असं नाही. मी शहरातच राहतो. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींच्या घरी कांदा-भाकरी हा काव्याचा विषय नाही, रात्रीचं जेवण आहे. कांदा ऐंशीवर गेला की त्या अर्धा किलोवर येतात. त्यांना स्वस्तात कांदा मिळाला पाहिजे, याबद्दल मला शंका नाही. प्रश्न आहे तो कुणाच्या खिशातून. २०२३ मध्ये सरकारने नाफेड आणि एनसीसीएफ या सहकारी संस्थांच्या केंद्रांवरून २५ रुपये किलोने कांदा विकला. हा रस्ता सरळ आहे. तोटा सरकारी तिजोरी सोसते, म्हणजे आपण सगळे सोसतो, आणि अर्थसंकल्पात तो आकडा दिसतो. निर्यातबंदीने मात्र मावशींच्या कांद्याचे पैसे दादाने भरायचे, आणि त्यातून माझ्यासारख्या पगारदारालाही स्वस्त कांदा मिळायचा, ज्याची मला काहीही गरज नव्हती. पुन्हा मावशींनी दिलेल्या पैशातला मोठा भाग शेतकऱ्यापर्यंत पोचतच नाही. रिझर्व्ह बँकेच्याच अभ्यासकांनी २०२४ मध्ये काढलं की ग्राहकाने कांद्याला दिलेल्या रुपयातले शेतकऱ्याला मिळतात साधारण ३६ पैसे. भाव उतरवायला उरलेले ६४ पैसे आहेत. तिथे हात घालायला वेळ लागतो, अधिसूचनेला एक रात्र पुरते.

आणि बाजार गमावला जातो. सप्टेंबर २०१९ मध्ये अशीच अचानक बंदी आली, तेव्हा बांगलादेशच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत म्हणाल्या होत्या की मी आचाऱ्याला कांदा वापरू नको म्हणून सांगितलं, निदान आधी कळवत जा. सभागृह हसलं. मला ते ऐकून शरम वाटली. नेहमीचं गिऱ्हाईक आपल्याला सभ्यपणे सांगत होतं की तुमच्यावर विसंबता येत नाही. पुढच्याच वर्षी जूनमध्ये केंद्राने कांदा जीवनावश्यक वस्तू कायद्याच्या रोजच्या जाचातून बाहेर काढल्याचा वटहुकूम काढला, आणि १४ सप्टेंबर २०२० ला पुन्हा निर्यात बंद केली. २०२२-२३ मध्ये भारतातून सव्वापंचवीस लाख टन कांदा बाहेर गेला होता. २०२३-२४ मध्ये सव्वासतरा लाख टनांच्याही खाली. ढाक्याने, कोलंबोने पाकिस्तान, चीन, इजिप्तकडे पाहायला सुरुवात केली, आणि बांगलादेशने स्वतःची लागवड वाढवली. ४ मे २०२४ ला, निवडणुकीच्या ऐन मध्यात, बंदी उठली, पण ४० टक्के शुल्क पुन्हा आलं. आमचं गाव ज्यात येतं त्या दिंडोरी मतदारसंघाने त्या निवडणुकीत केंद्रातल्या राज्यमंत्र्यांना घरी बसवून एका शिक्षकाला निवडून दिलं. सप्टेंबरमध्ये शुल्क २० टक्क्यांवर आलं आणि १ एप्रिल २०२५ ला शून्य झालं. तोवर भाव पडलेले होते, शुल्क असूनही काही नव्हतं आणि नसूनही.

ऑक्टोबर २०२५ चा आकडा आला तेव्हा अर्थपानांवर उत्साह होता. वर्षापूर्वी ६.२१ टक्के असलेली महागाई ०.२५ टक्क्यावर, त्या मालिकेतली सर्वांत कमी. खाद्यपदार्थांचे भाव वर्षापूर्वीपेक्षा ५ टक्क्यांनी खाली. व्याजदर कपातीला मोकळं रान. मी त्या दिवशी गावी होतो. पाऊस लांबला होता, चाळीतला उरलासुरला उन्हाळ विकायला काढला होता आणि भाव उत्पादनखर्चालाही पुरत नव्हता. महागाई शून्याजवळ येते तेव्हा दादासारख्यांचं उत्पन्नही खाली आलेलं असतं, ही गोष्ट इतकी उघड आहे, पण दोन बातम्या एका पानावर येत नाहीत. लक्ष्याला खालचीही मर्यादा आहे, २ टक्के. कायद्याने ती वरच्या मर्यादेइतकीच महत्त्वाची. वरची ओलांडली की रात्रीत अधिसूचना निघते. खालची ओलांडली तेव्हा कांद्यासाठी कुठली रात्र जागवली गेली?

लक्ष्याचा फेरविचार मार्च २०२६ मध्ये व्हायचा, म्हणून रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२५ मध्ये चर्चापत्र काढून लोकांची मतं मागवली होती. खाद्यपदार्थ लक्ष्यातून वगळावेत का, हा त्यातला मोठा वाद. २०२४ च्या आर्थिक पाहणीने वगळण्याची बाजू घेतली होती. मी मत पाठवलं ते वगळण्याच्या विरोधात. ज्या देशात माणसं मिळकतीचा एवढा भाग पोटावर खर्च करतात तिथे पोट सोडून मोजलेली महागाई लोकांना आपली वाटणार नाही. मी मागणी केली ती वेगळी: पतधोरण अहवालात प्रत्येक निर्यातबंदी, शुल्क आणि साठामर्यादेपुढे एक रकाना असावा, की यामुळे निर्देशांक किती उतरला आणि उत्पादकाच्या हातातून अंदाजे किती रुपये गेले. आणि जे काही शुल्क लावायचं ते कुठल्या भावाला, किती, हे लागणीच्या आधी जाहीर व्हावं, म्हणजे दादा तेवढा धोका धरून रोप टाकेल आणि बँक तेवढा धरून चाळीवर कर्ज देईल. उत्तराची अपेक्षा नव्हती, पण पत्र लिहिताना बऱ्याच वर्षांनी कामावर असल्यासारखं वाटलं.

दादाने मात्र स्वतःपुरता निर्णय घेऊन टाकलाय. कांद्याचं बरंच रान त्याने मक्याला दिलं. मका चाळ मागत नाही, वास घेत बसावं लागत नाही, इथेनॉलचे कारखाने घेतात, कोंबडीखाद्यवाले घेतात. २०२५ मध्ये मात्र २,४०० चा हमीभाव असताना बाजारात मका त्याच्या बराच खाली गेला. त्याच वर्षी सप्टेंबरात अमेरिकेचे वाणिज्यमंत्री हॉवर्ड लुटनिक यांनी जाहीर तक्रार केली की भारत आमचा मका घेत नाही. व्यापारकराराच्या बोलण्यांत तेव्हा तो विषय होता. दादाला ही बातमी माझ्या आधी कळली होती. त्याने फोनवर विचारलं, “त्यांचा मका तिथे कितीला पडतो रे? आणि त्यांचं सरकार त्यांना एकरी किती देतं?” पहिल्याचं उत्तर शिकागोच्या वायदेबाजारातून काढता येईल. दुसऱ्याचं मी सध्या शोधतोय.